जुनी स्वीडिश गाडी घ्यायचीय: साब ९-५ की व्होल्वो एस-८०? आणि ही रिकॉलची काय भानगड आहे?

योतेबोरीचा_बंड्या

नमस्कार मंडळी,

योतेबोरीत (नकाशावरचं गोथेनबर्ग) येऊन तीन वर्षं झाली. आजवर ट्राम आणि सायकलवर भागवलं. आता लेक दोन वर्षांची आहे, पुढच्या उन्हाळ्यात सासू-सासरे सांगलीहून येणार आहेत, आणि बायकोने "या थंडीत मी स्टॉपवर उभी राहणार नाही" असं स्पष्ट सांगितलंय. तेव्हा गाडी घेणं आलं. खिशात साठ हजार क्रोनर, म्हणजे नवीन गाडीचं नावच नको.

ऑफिसात विचारलं तर दोन तट पडले. अर्धे म्हणतात व्होल्वो एस-८० घे, ती इथेच टॉर्सलांडाच्या कारखान्यात बनली. उरलेले साबचं नाव निघालं की हळवे होतात. देवगड की रत्नागिरी हा वाद इथे गाड्यांवरून चालतो.

गोंधळ वेगळाच आहे. शोधायला बसलो तर प्रत्येक मॉडेलपुढे कसला ना कसला रिकॉल, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. कुठे एअरबॅग, कुठे सीटबेल्ट. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या गाड्या आणि हे काय? शिवाय साब कंपनी तर बुडाली. मग तिच्या गाडीत खोट निघाली तर दाद कोणाकडे मागायची? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खवचट_खान्देशी

व्होल्वो घ्या. दादर-पुणे दीडशे वेळा केलंय, एसी चांगला असतो.

---

अनुस्वार

खवचटराव, तुम्ही विनोद केलात, पण आपल्याकडे निम्म्या लोकांचा खरंच असा समज आहे म्हणून सांगतो. शिवनेरीची बस बनवणारी व्होल्वो आणि कार बनवणारी व्होल्वो या १९९९ पासून वेगळ्या कंपन्या आहेत. त्या वर्षी मूळ कंपनीने कारचा धंदा फोर्डला ६४५ कोटी डॉलरना विकला आणि ट्रक-बस स्वतःकडे ठेवल्या. २०१० मध्ये फोर्डने तोच कारचा धंदा चीनच्या जीलीला १८० कोटींना दिला. घेतला कितीला आणि विकला कितीला, बघा.

साबचं दुखणं जुनं. जनरल मोटर्सने आधी निम्मा हिस्सा घेतला, २००० मध्ये उरलेला. २०१० च्या फेब्रुवारीत स्पायकर या चिमुकल्या डच स्पोर्ट्‌सकार कंपनीच्या पदरात बांधली, आणि १९ डिसेंबर २०११ ला ट्रोलहॅटनच्या या कंपनीचा दिवाळखोरीचा अर्ज पडला.

बंड्या, तुम्ही विचारताय तो ९-५ १९९७ साली आला. त्याच्या आधीचा ९००० फियाट क्रोमा, लान्चिया थीमा आणि अल्फा १६४ या तिघांशी सांगाडा वाटून घेणारा होता. ९-५ ला जनरल मोटर्सच्याच ओपेलचा सांगाडा मिळाला, पण साबच्या इंजिनिअरांनी तो इतका बदलला की जनरल मोटर्सच्या कपाळाला आठ्या पडायच्या म्हणतात. मागून धडक बसली की डोक्यामागची उशी आपोआप पुढे-वर सरकून मान सांभाळते, ही सोय पहिल्यांदा याच गाडीत आली. पुढच्याच वर्षी, १९९८ ला, व्होल्वोने एस-८० काढली. तिच्यात मानेसाठी अख्खी सीटच मागे झुकणारी व्हिप्स यंत्रणा, आणि खिडकीवरून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, जी तोवर फारशी कोणी दिली नव्हती. कारखान्यांत अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचं, आणि मानेच्या दुखण्यावर दोघांनी एकाच सुमारास दोन वेगळी औषधं शोधली.

---

जर्सीतली_जाई

रिकॉलबद्दल बोलते, कारण मी त्यातून गेलेय.

माझ्याकडे २००३ ची व्होल्वो एस-६० होती. २०२० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत २००१ ते २००३ मॉडेलच्या एस-६० आणि एस-८० मिळून सुमारे ५४ हजार गाड्या परत बोलावल्या. ड्रायव्हरसमोरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे फुगा फुगवणारी डबी, फुटून धातूचे तुकडे उडू शकतात, असं कारण. त्यात एक मृत्यूही झाला होता. वर्षभराने व्याप्ती वाढवली आणि जगभरात साडेचार लाखांहून जास्त गाड्या झाल्या. त्यात एस-६० २००९ पर्यंतची आणि एस-८० पहिल्या पिढीची. टाकाटा या जपानी कंपनीच्या गाजलेल्या फुटणाऱ्या एअरबॅगांशी याची गल्लत करू नका, हे इन्फ्लेटर झेडएफ कंपनीचे. कारणाची जात मात्र तीच: वर्षानुवर्षं दमट हवेत राहून आतल्या दारूगोळ्याच्या वड्या बिघडतात आणि पेटल्यावर हव्या त्यापेक्षा जोरात जळतात.

माझं पत्र मला मिळालंच नाही. मधे दोन घरं बदलली होती आणि गाडीच्या नोंदीत पत्ता जुना. चूक माझीच. सात-आठ महिने मुलाला शाळेत सोडत होते, समोर तो इन्फ्लेटर. एकदा सहज सरकारी साइटवर १७ अंकी चासी नंबर टाकला तर लाल अक्षरांत उघडा, म्हणजे काम बाकी असलेला, रिकॉल! पाय लटपटले माझे. दुरुस्ती फुकट झाली, दीड तास लागला.

इथे अमेरिकेत दोन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. एक, सेकंडहॅण्ड गाडी विकणाऱ्या डीलरवर उघडा रिकॉल आधी दुरुस्त करून देण्याची केंद्रीय कायद्याने सक्ती नाही. दोन, फुकट दुरुस्तीचं कायदेशीर बंधन गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून पंधरा वर्षांपर्यंतच. कंपन्या पुढेही करून देतात बऱ्याचदा, पण तो त्यांचा मोठेपणा.

---

योतेबोरीचा_बंड्या

बापरे. म्हणजे पहिल्या पिढीची एस-८० यादीतून काढू का?

---

गॅरेजवाला_काका

अरे बंड्या, थांब जरा. रिकॉल निघाला म्हणून गाडी वाईट असं कोणी सांगितलं तुला?

मी पुण्यात बावीस वर्षं बाहेरच्या गाड्यांवर हात काळे केलेत. रिकॉल म्हणजे कंपनीने मान्य केलेली चूक आणि तिची फुकट दुरुस्ती. मला भीती मान्य न केलेल्या चुकीची वाटते. रिकॉल मॉडेलचा निघतो, पण दुरुस्ती होते ती एकेका गाडीची. तू एस-८० ला विचारू नकोस, त्या एका चासी नंबरला विचार. काम झालं असेल तर २००२ ची गाडीसुद्धा एअरबॅगच्या बाबतीत नवी, कारण इन्फ्लेटर नवा. झालं नसेल तर नंबर वर्कशॉपला दे, बदलून घे.

पहिल्या पिढीतली मी नाकारीन ती वेगळ्याच कारणासाठी. टी-६ नावाची दोन टर्बोंची सहा सिलिंडर गाडी आहे, आडवं बसवलेलं इंजिन. तिला जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स जोडलाय आणि तो त्या ताकदीपुढे टिकत नाही. त्यावर रिकॉल नाही. रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंद विचार करून मग धक्का देत मागे जाते, असं दिसलं तर चहा पिऊन घरी ये.

दुसरं १९९९ ते २००१ च्या गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात किती हवा जावी ते ठरवणारी झडप. आतली कार्बनची पट्टी घासते, गाडी मधेच रांगायला लागते, पिकअप नाही, दिवा लागतो. कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाने धरून लावलं तेव्हा कंपनीने अमेरिकेत त्याची वॉरंटी दहा वर्षं किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवली. म्हणजे रिकॉलच्या यादीत ते तुला सापडणार नाही, आणि हायवेवर गाडी रांगायला लागली की जीवाला घोर तेवढाच.

तिकडच्या साइटवर यादी वाचून घाबरू नको आणि यादी कोरी दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नको.

---

स्टॉकहोमची_सून

काकांना +१.

बंड्या, स्वीडनमध्ये कसं बघायचं ते सांगते. वाहतूक खात्याच्या साइटवर नुसता नंबरप्लेटचा नंबर टाका: आधीचे मालक किती, तपासणी कधी झाली, चालण्यावर बंदी आहे का, सगळं दिसतं. इथे तपासणीचं चक्र असं: नवीन गाडीची पहिली तीन वर्षांनी, मग दोन वर्षांनी, पुढे दर चौदा महिन्यांनी. दर वेळी किलोमीटर नोंदले जातात, त्यामुळे मीटर मागे फिरवला असेल तर आकड्यांची ओळ बघताक्षणी कळतं. रिकॉलचं मात्र कंपनीच्या वर्कशॉपला फोन करूनच विचारा, नंबर सांगितला की दोन मिनिटांत उत्तर देतात. स्वीडिशमध्ये 'ओतेरकालेल्से' म्हणायचं. मला उच्चारायला सहा महिने लागले, तुम्ही सरावाला लागा.

आणि खाजगी माणसाकडून घेताय की दुकानदाराकडून, यात मोठा फरक आहे. दुकानदाराकडून घेतलीत तर तीन वर्षं तक्रारीचा हक्क राहतो, आणि २०२२ च्या नव्या कायद्यानंतर पहिली दोन वर्षं "दोष विकताना नव्हता" हे त्यानेच सिद्ध करायचं. खाजगीत "बघून घेतलीत ना?" एवढ्यावर बहुतेकदा विषय संपतो.

---

लीड्सकर

साबची बाजू कोणी मांडत नाही म्हणून येतो. २००२ चा ९-५ एअरो इस्टेट (मागे लांब डिकीवाला) मी सात वर्षं चालवला. इंजिन मीच मारलं. कसं ते सांगतो म्हणजे दुसरा कोणी मारणार नाही.

९-५ च्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनाला एक खोड आहे. एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, अगदी जवळ, त्यामुळे तेल तापतं. इंजिनाच्या पोटातली (क्रॅंककेसमधली) वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळ्यांची रचना २००३ पर्यंत कमकुवत होती. त्यात तेल बदलायची मुदत लांबलचक. तिन्ही मिळून तेलाचं होतं काळं लोणी, आणि ते जाऊन बसतं चेंबरमधल्या तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर. जाळी तुंबली की तेलाचा दाब पडतो, आधी टर्बो ओरडतो, मग बेअरिंग जातं. डॅशबोर्डवर तेलाचा दिवा लुकलुकायला लागतो तेव्हा सहसा उशीर झालेला असतो.

साबने २००४ च्या मॉडेलपासून ब्रीदर सुधारला आणि जुन्या गाड्यांसाठी बदलाचा संच काढला. तो 'सहा नंबरचा' म्हणून मालकांत प्रसिद्ध आहे. नीट सर्व्हिस केलेल्या इंजिनांना आठ वर्षांपर्यंत संरक्षणही दिलं होतं. पण हाही रिकॉल नव्हे! जाळी साफ करायला चेंबर खाली उतरवावा लागतो, आणि ते विकणारा माणूस करत नाही, घेणाऱ्याला माहीत नसतं.

माझ्या आधीच्या मालकाने मुदतीप्रमाणे तेल बदललं होतं. मी ती आणखी ताणली, कारण त्या वर्षी घराचं छप्पर करायचं होतं. शेफील्डच्या अलीकडे मोटरवेवर खडखड खडखड, संपलं. बायको म्हणाली छपराला लागलेले पैसे धरले तर हे आपलं सगळ्यात महागडं तेल.

आता दुसरा ९-५ आहे, २००७ चा. दर दहा हजार किलोमीटरला पूर्ण सिंथेटिक तेल, चेंबर एकदा उघडून पाहिलाय. डिकीत एक जादा 'डीआय कॅसेट' असते. चारही प्लगांवर बसणारी एकच लांब पेटी, चारही कॉइल तिच्यात. ती गेली की गाडी मिसिंग मारते नाहीतर जागीच बंद. बदलायला चार स्क्रू आणि दहा मिनिटं. काही लोक स्टेपनीशिवाय फिरतील, पण कॅसेटशिवाय नाही.

एक गोष्ट विसरलो: ३.० लिटर व्ही-६ डिझेल कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली अस्तरं, खाली बसतात. ते इसुझूचं इंजिन, साबचं नव्हे, पण भोगायचं मालकालाच.

---

खवचट_खान्देशी

एवढं सगळं सांगून परत दुसरी साबच घेतलीत? धन्य आहे.

---

लीड्सकर

सीट बघितलीय का हो त्या गाडीची? लीड्स ते इन्व्हर्नेस एका दमात केलंय, कंबर शाबूत.

---

गॅरेजवाला_काका

लीड्सकरांनी लिहिलंय ते सोन्यासारखं. बंड्या, छापून ठेव.

---

अनुस्वार

आता मूळ प्रश्न. बुडालेल्या कंपनीचा रिकॉल कोण करतं?

साबच्या बाबतीत बऱ्याच अंशी जनरल मोटर्सने केला, कारण त्या गाड्या त्यांच्या मालकीच्या काळातल्या. २०१४ मध्ये, म्हणजे साबच्या तेराव्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी, अमेरिकेत २००४ ते २०११ च्या ९-३ (साबची धाकटी गाडी) कन्व्हर्टिबल परत बोलावल्या, सुमारे २८ हजार ८०० गाड्या. ड्रायव्हरचा सीटबेल्ट आत ओढणाऱ्या यंत्रणेतली केबल तुटू शकते म्हणून. २०१६ ला टाकाटाच्या ड्रायव्हर एअरबॅगसाठी २००३ ते २०११ च्या ९-३ आणि २०१०-११ च्या नव्या ९-५ सुद्धा त्यांनीच बोलावल्या. ग्राहकाला गंमत वाटत असणार, साबची गाडी घेऊन शेव्हरोलेच्या दारात उभं राहायचं.

सुट्या भागांची कथा आणखी मजेदार. साबने युरोपियन गुंतवणूक बँकेकडून कर्ज घेतलं, त्याला स्वीडिश सरकारच्या कर्ज कार्यालयाने हमी दिली, आणि तारण काय ठेवलं तर सुट्या भागांची कंपनी. साब बुडाली, हमी वसूल झाली, आणि २०१२ मध्ये स्वीडनचं सरकार साबच्या फिल्टर-बुशांचं मालक झालं! पुढे तिचं नाव ओरियो झालं, मुख्यालय न्यूशॉपिंगला होतं. बंद पडलेल्या कारखान्याच्या गाड्या आजवर धावतायत त्यात या तारणाचा मोठा वाटा आहे. व्होल्वो व्ही-६० सारखी गाडी सगळीकडे मिळते, पण कर्जाच्या कागदामुळे वाचलेली गाडी ही एकच.

शेवटचा, २०१० चा नवा ९-५ मात्र सावधपणे. ओपेल इन्सिग्नियाचा भाऊ, दिसायला राजबिंडा, पण अकरा हजारांच्या आसपासच बनले. इंजिनाचे भाग ओपेलमुळे मिळतील. दिवा फुटला, काच गेली, तर शोधत बसा. जुन्या ९-५ चं उलट: तेरा-चौदा वर्षं बनला, भंगारात भरपूर. त्याचे हक्क तर २००९ च्या डिसेंबरात चीनच्या बीएआयसी या कारकंपनीने विकत घेतले आणि सेनोव्हा नावाखाली त्याच गाडीचा अवतार काढला.

---

जर्सीतली_जाई

अनुस्वार, "तेराव्यानंतर" काय! :)

बंड्या, दुसऱ्या पिढीची एस-८० (२००६ नंतरची) बघत असाल तर सीटबेल्टचा रिकॉल विचाराच. २०२० च्या जुलैत जगभरात जवळजवळ २२ लाख गाड्या, व्होल्वोच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. २००६ ते २०१९ मधल्या एस-८०, एस-६०, व्ही-७०, एक्ससी-६० वगैरे. पुढच्या सीटच्या पट्ट्याला जोडलेली पोलादी केबल काळाने दमून कमजोर होऊ शकते. अपघात एकही नोंदला नव्हता, तरी बोलावल्या. तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ साली ज्या कंपनीच्या निल्स बोलीनने दिला, तिलाच पट्ट्यासाठी एवढ्या गाड्या बोलवाव्या लागल्या.

---

स्टॉकहोमची_सून

डिझेलचा मोह झाला तर अजून एक. २०१९ मध्ये व्होल्वोने पाच लाखांवर गाड्या बोलावल्या होत्या, २०१४ ते २०१९ च्या दोन लिटर चार सिलिंडर डिझेल. इंजिनावरचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड वितळून आग लागण्याची शक्यता. आमच्या शेजाऱ्यांकडे तशी व्ही-७० होती, त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत घराला लागून उभी केली नाही.

आणि नवीन गाड्या यातून सुटल्यात असं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात प्लग-इन हायब्रिड आणि इलेक्ट्रिक व्होल्वोंचा सॉफ्टवेअरचा घोळ निघाला. ठरावीक मोडमध्ये ब्रेक न दाबता लांब उतार उतरत राहिलं, साधारण पावणेदोन मिनिटं, की नंतर ब्रेकच लागत नाही. आंबेनळी घाटात हे झालं तर, असा विचार आला आणि अंगावर काटा आला.

---

गॅरेजवाला_काका

घाटात गाडी गिअरवर उतरवायची, मोडवर नाही, असं आमचे उस्ताद सांगायचे. तेव्हा मोड नव्हते.

---

मिरजेचा_मिलिंद

इथे महाराष्ट्रात कोणी जुनी एस-८० वापरतं का? व्होल्वो कार भारतात २००७ ला एस-८० आणि एक्ससी-९० घेऊन आली ना? कोल्हापुरात एक २०१० ची डिझेल बघून आलो, किंमत नव्या वॅगन-आर पेक्षा कमी. हात शिवशिवतायत.

---

गॅरेजवाला_काका

मिलिंद, किंमत कमी आहे ती याचसाठी. पंधरा वर्षं झाली, म्हणजे आरसीचं नूतनीकरण आणि हरित कर आलाच. तुला सर्व्हिस पुण्या-मुंबईला, भाग बाहेरून. मिरजेहून पुण्याला टो करून नेण्याचा खर्च एकदा काढ, मग हात शिवशिवतायत का बघ.

घ्यायचीच असेल तर बेल्टचा रिकॉल झालाय का ते चासी नंबर देऊन लेखी घे. आपल्याकडे बरीच वर्षं रिकॉल कंपनीच्या मर्जीवर होता, मोटार वाहन कायद्यातली सक्ती १ एप्रिल २०२१ पासून आली, तीही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. तुझी त्यात बसत नाही. म्हणून विचारायचं तूच. आणि दमट हवेची गोष्ट जाईने लिहिलीय ती कोकणातल्यांनी दोनदा वाचा. होंडाने टाकाटासाठी भारतात गाड्या बोलावल्या तेव्हा रत्नागिरीचे माझे एक गिऱ्हाईक "आमची व्यवस्थित फुगेल हो" म्हणत दोन वर्षं गेलेच नाहीत.

---

योतेबोरीचा_बंड्या

मंडळी, तीन आठवडे गायब होतो. वृत्तांत देतो.

आधी एका दुकानदाराकडे एस-८० बघितली, २००९, काळी, आरशासारखी पॉलिश. किंमत बजेटात. सीटवर बसलो आणि विकलो गेलो होतो जवळजवळ. मग नंबर घेऊन वर्कशॉपला फोन केला, 'ओतेरकालेल्से' दोनदा चुकलो. उत्तर आलं: सीटबेल्टचं काम बाकी. दुकानदाराला म्हटलं, फुकटच आहे, करून द्या आणि मग विका. तो म्हणाला, "तुम्ही घ्या आणि मग करून घ्या, सगळे तसंच करतात." सर्व्हिसचं पुस्तक मागितलं तर "सगळं डिजिटल आहे". डिजिटल दाखवा म्हटलं तर सिस्टिम बंद. बायकोने मला कोपराने ढोसलं, निघालो.

मग एका रविवारी ट्रोलहॅटन. ब्लॉकेट या जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात होती, साब ९-५ इस्टेट, २.३ टर्बो, २००७. दार उघडलं ते सत्तरीच्या आजोबांनी. तीस वर्षं साबच्या कारखान्यात, रंगाच्या विभागात. गाडी दाखवायच्या आधी कॉफी पाजली आणि टेबलावर एक वही ठेवली, निळ्या पुठ्ठ्याची, आपल्या वाण्याच्या खतावणीसारखी. पहिल्या दिवसापासून प्रत्येक तेल, प्रत्येक फिल्टर, तारीख, किलोमीटर, तेलाचा ब्रॅण्ड. मधे एका पानावर "चष्मा विसरलो, आकडा अंदाजे" असंही लिहिलंय. (त्यावरून लीड्सकरांना सांगतो, हा मुखवटा बदलल्यानंतरचा, दिव्यांभोवती चष्म्यासारखी क्रोमची कड असलेला. आजोबांना तो आवडत नाही. "रंग मी दिला, चष्मा मी नाही लावला," म्हणाले.)

खाजगी व्यवहार आहे, तीन वर्षांचा हक्क नाही, हे स्टॉकहोमच्या ताईंनी सांगितलेलं डोक्यात होतं. घरी येऊन नंबर टाकला. मालक एकच. तपासणीचे किलोमीटर वहीशी जुळले. साब बघणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये चासी नंबर दिला, बाकी रिकॉल काही नाही. ४२ हजार क्रोनरला घेतली. उरलेल्यात चार हिवाळी टायर आणि लेकीची सीट.

किल्ली दोन सीटच्या मधे लागते हे वाचलं होतं, तरी पहिला आठवडा रोज स्टिअरिंगखाली हात जात होता. आजोबांनी जाताना एकच सूचना केली, तिथे कॉफी सांडायची नाही. आणि रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघतच नाही, त्यामुळे दुकानाच्या पार्किंगमध्ये पहिल्याच दिवशी दहा मिनिटं अडकलो.

सासऱ्यांना फोनवर सांगितलं साब घेतली. ते म्हणाले, "साहेबाची? कुठल्या साहेबाची?"

---

खवचट_खान्देशी

सासरे माझे मित्र होऊ शकतात. अभिनंदन.

---

जर्सीतली_जाई

अभिनंदन! गाडीच्या नोंदीत पत्ता बरोबर टाकलाय ना? घर बदललं की आधी तो बदला.

---

लीड्सकर

स्वागत आहे. डीआय कॅसेट डिकीत ठेवलीत का?

---

योतेबोरीचा_बंड्या

पत्ता टाकला. कॅसेट आजोबांनीच दिली, जुन्या मोज्यात गुंडाळून.

---

गॅरेजवाला_काका

बरं केलंस. आता शेवटचं सांग. चेंबर उतरवून जाळी कधी बघितली होती? अंदाजे नको.

---

योतेबोरीचा_बंड्या

१४ मार्च २०२२. १,९८,४०० किलोमीटर. वहीत आहे काका, पुढे कंसात "स्वच्छ" लिहिलंय.